चैत्राची तयारी माळ्यापासून

पाडवा दहा दिवसांवर आला की मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवते आणि त्याच्या शेजारी मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक ठेवते. पाडवा, रामनवमी, पौर्णिमा, 14 एप्रिल हे जिथल्या तिथे लिहून घ्यायचं. आपल्या हातात राहतात ती दोनच, हळदीकुंकू आणि सहल. चैत्रगौर शुद्ध तृतीयेला झोपाळ्यावर बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे हळदीकुंकवाला महिना मोकळा. मग वहीत दोन रकाने आखायचे: काम आणि ते कोण करणार. दुसरा रकाना आमच्याकडे बरीच वर्षं नव्हता, त्यामुळे सगळी कामं आपसूक सासूबाईंची नाहीतर माझी असायची. आता नाव पडल्याशिवाय काम यादीत घेत नाही.

पहिली फेरी बाजाराची नाही, माळ्याची. गुढीची काठी, पितळी झोपाळा, मोठं पातेलं, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सतरंजी सगळं खाली उतरवून पुसून ठेवायचं. काठी हातात घेऊन नीट बघायची. गेल्या वर्षी कुणीतरी तिनं जळमटं काढली होती आणि ती मधोमध चिरली होती, हे आम्हाला पाडव्याच्या सकाळी सव्वासहाला कळलं. सुतळी वरच ठेवू नका. ऐन वेळी सापडत नाही ती सुतळीच. साडी किंवा खण, तांब्याचा गडू, गाठी, आंब्याची डहाळी, कडुनिंब, झेंडूची माळ एवढं आदल्या संध्याकाळी एका परातीत. कडुनिंब मात्र फुलोऱ्याचा मागायचा. कोवळी पानं नि फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, मीठ, चिंच आणि जरा सढळ हाताने गूळ, असं वाटलं तर मुलं तोंड वाकडं करत का होईना, पण खातात. चक्का घरी करायचा तर दही आदल्या दिवशी सकाळीच फडक्यात बांधून टांगा, आणि घर तापलेलं असेल तर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, नाहीतर श्रीखंड आंबट होतं.

आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे पाडव्याची सकाळ घरात थोडीच आणि रस्त्यावर जास्त. इथे 1999 पासून नववर्षाची स्वागतयात्रा निघते. फडके रोडला जायचं तर गाडी काढू नका, चालत जा. नऊवारी शिवलेली असो वा नेसलेली, पायात चालून चालून मऊ झालेली चप्पल हवी. नवी कोल्हापुरी त्या दिवशी काढलीत तर परत येताना ती हातात असते. पर्समध्ये पिना, रुमाल, पाण्याची बाटली. गुढी उतरवायला सूर्यास्ताच्या आत घरी कोण असेल, तेही रकान्यात लिहा.

रामनवमीचं सोसायटीत फार काही लागत नाही: पाळणा, फुलं, आणि दुपारी बाराच्या आधी तयार असलेला सुंठवडा. सुकं खोबरं भाजून, खारीक, खसखस, पिठीसाखर, सुंठ. सुंठ बेतानं, लहान मुलंही हात पुढे करतात.

खरी दमछाक हळदीकुंकवाची. चाळीस बायका धरल्या तर एक किलो हरभऱ्याची डाळ पुरते, वाटीभर उरतेही. चार-पाच तास भिजवायची, निथळायची आणि पाणी न घालता भरड वाटायची. अर्धा किलो आंबट कैरी किसून, हिरवी मिरची, मीठ, चवीपुरती साखर, वर ओलं खोबरं नि कोथिंबीर. हिंग-मोहरीची फोडणी गार झाल्यावरच ओता. आणि डाळ दुपारी दोननंतर वाटा. एका वर्षी मी हुशारी करून सकाळी नऊलाच वाटून झाकून ठेवली. पाच वाजता झाकण काढलं तेव्हा तिला बारीक फेस आला होता. जाऊबाईंनी एक शब्द न बोलता पुन्हा डाळ भिजत घातली आणि तोवर बायकांना कलिंगडावर बसवलं. पन्ह्याचं उलट आहे: कैऱ्या उकडून गर, गूळ, वेलची आणि चिमूट मीठ यांचा गोळा दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवला तर चवीला मुरतो. त्या दिवशी फक्त गार पाणी. ओटीचे हरभरे आदल्या रात्री भिजत घाला, दीड किलो. गजरे सांगून ठेवायचे, पण आणायचे चारनंतर. आरासीला कलिंगड कोरायचं काम आमच्याकडे आता यजमानांच्या नावावर आहे. त्यांचं कमळ कोबीसारखं दिसतं, पण ते दोन तास स्वयंपाकघराबाहेर असतात.

चैत्र पौर्णिमेला दरवर्षी ओढाताण होते. सूर्योदयाला मारुतीचा जन्म, आणि आमचं कुलदैवत जोतिबा, त्याची यात्रा त्याच दिवशी. दीर कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर जातात. जाणाऱ्यानं जुने कपडे नेसावेत, गुलाल धुऊन निघत नाही. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते वर चढण्याआधी ठरवावं. सासनकाठ्या नाचू लागल्या की हाक ऐकू येत नाही. सासूबाईंना गर्दी झेपत नाही, म्हणून त्यांना आम्ही पुढच्या आठवड्यात नेतो.

14 एप्रिलला आमच्या नाक्यावर मिरवणुकीसाठी सरबत असतं. मंडळाची मुलं सगळं बघतात, सोसायटीकडून आम्ही पिंप आणि लिंबं देतो. लिंबं आठवडा आधी घ्या, नंतर भाव विचारवत नाही. पिंपाचा नळ गळतो का, तेही तेव्हाच बघा.

सहल परीक्षा संपल्यावर काढायची हे खरं, पण तोवर पळस झडून जातो. म्हणून आम्ही पाडव्यानंतरच्या एखाद्या रविवारी अर्धाच दिवस मुरबाडच्या रस्त्याला जातो. पहाटे साडेपाचला निघायचं, अकराच्या आत परत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या, थर्मासमध्ये ताक, माणशी दीड लिटर पाणी, टोप्या. अभ्यास बुडतो म्हणून थोरली कुरकुरते, आणि गाडीत बसल्याबरोबर झोपते.

अक्षय्य तृतीयेला गौर झोपाळ्यावरून उतरली की झोपाळा चिंच लावून घासायचा, जुन्या सुती साडीत गुंडाळायचा. उरलेल्या गाठी घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर मुंग्या लागतात; उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर द्यायला बऱ्या. यादीतलं शेवटचं काम सगळं माळ्यावर परत चढवण्याचं. त्याच्यापुढचा रकाना यंदाही कोरा आहे.