कॅम्पेनमध्ये दरबार आणि खटला आणताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या खेळात अनेक बैठका चालणाऱ्या कथेला कॅम्पेन म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला गेम मास्टर. चार महिने राक्षस मारून झाले की नव्या गेम मास्टरला राजकारणाची हौस येते. हौस चांगली आहे, तिच्यामागची घाई वाईट. मी ज्या नवख्यांच्या टेबलावर पाहुणा खेळाडू म्हणून बसलो, त्यांतल्या बहुतेकांच्या राज्यात एक भोळा राजा, त्याच्या कानाशी लागलेला एक कपटी प्रधान आणि त्या प्रधानाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून खणात जपून ठेवलेले कटाचे पत्र, एवढीच सामग्री होती. खेळाडू खण उघडतात, पत्र राजासमोर ठेवतात आणि राजकारण संपते. हे राजकारण नव्हे. राक्षसाच्याच डोक्यावर पागोटे चढवले आहे.

याहून मोठी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. ती म्हणजे, जिथे जादू चालते त्या जगात ‘खोटे कोण बोलतो’ या प्रश्नावर खटला उभा करणे.

आमच्या शनिवारच्या गटासाठी मी जकातीच्या एका पुलाचा दावा रचला होता. दोन घराणी, पूल ओलांडणाऱ्या प्रत्येक बैलगाडीमागे तांब्याची दोन नाणी, आणि हक्काची सनद कोणी बनावट केली हे खेळाडूंनी शोधून काढायचे. चौदा पानांचे टिपण, नऊ साक्षीदार, तीन आठवड्यांची तयारी. पहिला साक्षीदार उभा राहिला आणि आमच्या क्लेरिकने, म्हणजे जादू येणाऱ्या पुजाऱ्याचे पात्र खेळणाऱ्याने, झोन ऑफ ट्रुथ टाकून शांतपणे विचारले, “सनद बनावट कोणी केली?” डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हा दुसऱ्या पातळीचा स्पेल, म्हणजे मंत्र आहे, 15 फूट त्रिज्येच्या वर्तुळात 10 मिनिटे जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. साक्षीदाराचा सेव्ह, म्हणजे जादूपासून वाचण्यासाठी टाकलेला फासा, फसला. माझी इतकी तारांबळ उडाली, की या न्यायालयात जादूला मनाई आहे असे मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकले. पाच मिनिटांपूर्वी अस्तित्वात नसलेला आणि केवळ माझी अब्रू वाचवण्यासाठी जन्मलेला नियम खेळाडूंना ओळखता येणार नाही, असे मला का वाटले कोण जाणे. क्लेरिकने फासे पिशवीत घातले आणि तो चहा करायला उठून गेला.

आमच्या गटात एक वकील आहेत, वयाने सर्वांत मोठे; आम्ही त्यांना दादा म्हणतो. चहा पिताना ते म्हणाले, “अरे, बांधाचा एक दावा मी बावीस वर्षं चालवतोय. त्यात दोघंही खरंच बोलतात. एखादा खोटं बोलत असता, तर निकाल केव्हाच लागला असता.”

मी घरी येऊन चौदाही पाने रद्दीत टाकली. आता पुलाच्या सनदा दोन आहेत आणि दोन्ही अस्सल आहेत. एक जुन्या राजाने दिलेली, दुसरी त्याच्या बंडखोर भावाने फौज मिळवण्यासाठी दिलेली. पुढे गादीवर बसला तो भावाचा मुलगा. ही कल्पना माझी नव्हे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1689 ते 1700 या धामधुमीत, मोगल आणि मराठे हे दोघेही सरदारांना आपल्याकडे ओढण्यासाठी वतने देऊ करत होते. अशा काळात एकाच वतनावर दोघांनी कागद दाखवावेत आणि ते भांडण नातवंडांपर्यंत चालावे, यात नवल नाही.

सगळेच खरे बोलत असले की स्पेलने गुंता सुटत नाही, वाढतो. शिवाय स्पेलचे वर्णन शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. साक्षीदाराला स्पेलची जाणीव असते, तो उत्तर टाळू शकतो, आणि त्याचा सेव्ह लागला की फसला हे स्पेल टाकणाऱ्यालाच कळते. म्हणजे न्यायाधीशाला अखेर क्लेरिकच्या शब्दावर विसंबावे लागते. तो क्लेरिक कोणत्या देवळाचा आणि त्या देवळाला पुलाच्या उत्पन्नातून काय पोहोचते, असे विरुद्ध पक्षाने विचारले की खटल्याला खरी सुरुवात होते. स्पीक विथ डेड या प्रेताला बोलते करणाऱ्या स्पेलमध्येही पाचच प्रश्न विचारता येतात आणि मृताला जिवंतपणी ठाऊक होते तेवढेच प्रेत सांगते. मरणाऱ्याची समजूत चुकीची असू शकते.

दुसरी चूक म्हणजे अख्ख्या राज्याला एकच कायदा आणि एकच न्यायालय बहाल करणे. मध्ययुगीन युरोपचे किल्ले आणि चिलखते उचलणाऱ्यांनी तिथली भांडणेही उचलावीत. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट यांच्या वादात एक मोठा मुद्दा असा होता, की गुन्हा करणाऱ्या धर्मसेवकाला शिक्षा चर्चने करायची की राजाने. 1164 साली राजाने क्लॅरेंडन येथे आपली बाजू लेखी मांडली, डिसेंबर 1170 मध्ये बेकेटचा त्याच्याच कॅथेड्रलमध्ये खून झाला, आणि त्यानंतर राजालाच या मुद्द्यावर बरीचशी माघार घ्यावी लागली. गुन्हा कोणी केला हा इथे प्रश्नच नव्हता. गुन्हेगारावर हक्क कोणाचा, हा होता. तुमचा चोर देवळाच्या पायरीवर पकडला गेला, तर कोतवालाला त्याला हात लावता येतो का? एवढ्या एका प्रश्नावर माझी तीन सेशन गेली आहेत.

कार्यपद्धतीलाही नवखे गेम मास्टर कंटाळा समजून गाळतात, आणि तिथेच त्यांचे नुकसान होते. मराठेशाहीत गोतसभा, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांची न्यायसभा, वाद ऐकण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत असे, म्हणजे होईल तो निर्णय मान्य करण्याची कबुली; सोबत जामीनही लागे. निकालानंतर हरणाऱ्याने आपण हरल्याचे येजितखत लिहून द्यायचे. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम भरे आणि हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. आमच्या खेळाडूंनी पहिला दावा जिंकला तेव्हा मी त्यांच्यासमोर हरकीचा आकडा ठेवला, आणि त्यांचे चेहरे ड्रॅगनसमोरही तसे झाले नव्हते.

माझी तयारी आता अशी असते: दोन्ही पक्षांची कैफियत मी त्यांच्याच तोंडून अर्ध्या-अर्ध्या पानात हाताने लिहितो, आणि लिहिताना एकाची बाजू मला जास्त पटू लागली तर दुसऱ्याची पुन्हा लिहितो. आयत्या तक्त्यांवर फासे टाकून कारस्थाने काढणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते. त्यांनी राक्षस मारावेत, त्यातही मजा आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. राज्यात सहापेक्षा जास्त राजकीय गट करू नका. तुम्हालाच त्यांची नावे आठवत नाहीत. राज्याचा हजार वर्षांचा इतिहास वाचून दाखवू नका. राजाला सर्वशक्तिमान करू नका; त्याच्या फौजेचा पगार कोण देतो ते आधी ठरवा. आणि खेळाडूंना खटल्यात नुसते पंच म्हणून बसवू नका, त्यांचे काहीतरी पणाला लावा. आमच्या पुलाचा दावा दीड वर्ष झाले तरी निकाली निघालेला नाही. निकाल लागेपर्यंत जकात सरकारजमा व्हावी म्हणून दरबाराने वसुली खेळाडूंकडेच सोपवली, आणि मागच्या शनिवारी दोन्ही घराण्यांनी मिळून त्यांच्याविरुद्ध अफरातफरीचा अर्ज दिला. हिशेबाची वही क्लेरिककडे आहे आणि झोन ऑफ ट्रुथमध्ये उभे राहायला तो तयार नाही.