पोराची केस बाल न्याय मंडळात असेल तर आईबाबांनी काय करायचं

१८ च्या आतल्या मुलाला पोलिसांनी धरलं तर घरी कळवणं त्यांचं कामच आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळापुढे, न्यावं लागतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. तर फोन आला की रडारड नंतर, आधी कपाट उघडा आणि शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला शोधा, कारण वयाचा पुरावा म्हणून हेच बघतात, नसेल तर मग मेडिकल टेस्ट. सोबत तुमचं आधार घ्या.

मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात. पोराला विचारलं तर पोरालाच बोलू द्या, मध्ये मध्ये "साहेब तो तसा नाहीये हो" नको. आईवडील नसतील तर मामा, आजी, जो खरंच सांभाळतो तो जाऊ शकतो. जामिनाच्या वेळी तुमच्याकडून हमीपत्र घेऊ शकतात, सही करण्याआधी नीट वाचा. प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे मंडळासाठी मुलाची माहिती काढणारा अधिकारी, घरची चौकशी करतो, त्याला खरं सांगा, लपवाछपवी अंगाशी येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट मिळतो. आणि फॅमिली ग्रुपवर नाव फोटो टाकू नका, ओळख उघड करायला बंदी आहे.