हिवाळी भोपळे: जात ओळखून शिजवण्याची रीत

हिवाळी भोपळे वेलावर पूर्ण पक्व होऊन साल कडक झाल्यावरच तोडतात, आणि त्या सालीमुळेच ते थंडीभर टिकतात. मात्र सगळ्या जातींना एकच कृती लावली, तर एखादी पाणचट होते आणि एखादी घास गिळवणार नाही इतकी कोरडी. माझ्या मते भोपळ्याची चव मसाल्यापेक्षा त्याच्या गरातील पाण्यावर अधिक अवलंबून असते. म्हणून पाणी आटवायचे की राखायचे, हे आधी ठरवावे.

निवडताना भोपळा आकाराच्या मानाने जड असावा आणि सालीत नख सहज रुतू नये. देठ वाळलेला व शाबूत हवा, कारण तो तुटला की तेथूनच कूज आत शिरते. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये न ठेवता 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. तेथे एकॉर्न (लहान, उभ्या खाचांचा) महिना-दीड महिना, बटरनट (लांब मानेचा, फिकट सालीचा) दोन-तीन महिने आणि हबर्ड (मोठा, कठीण सालीचा) पाच-सहा महिने राहतो. कापल्यावर कच्च्या गराचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. तो कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि अख्खा भोपळा फेकून द्यावा, कारण तो कडवटपणा कुकुरबिटासिन या अपायकारक द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने जात नाही.

प्रथमच शिजवणाऱ्याने बटरनटपासून सुरुवात करावी. त्याची मान भरीव असते आणि बिया फक्त खालच्या गोल भागात असतात, म्हणून दोन्हींच्या सांध्यावर आडवा काप द्यावा, प्रत्येक भाग सपाट बाजूवर उभा ठेवावा आणि सोलाण्याने वरून खाली साल काढावी. पहिल्या सालीखाली फिकट हिरवट रेघा दिसतात. त्या जाऊन गडद केशरी गर लागेपर्यंत आणखी एकदा सोलावे, अन्यथा फोडी चिवट लागतात. त्याचा चीक हातावर सुकला की कातडी ताणल्यासारखी होते, त्यामुळे हातमोजे घातलेले बरे. अडीच सेंटिमीटरच्या फोडींना तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसवर 30 ते 35 मिनिटे भाजाव्यात. फोडींमध्ये अंतर ठेवणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ट्रेमध्ये दाटी झाली की सुटलेले पाणी उडून न जाता वाफ होऊन राहते, फोडी भाजण्याऐवजी उकडतात आणि कडांना खरपूस रंग येत नाही. सूप करायचे असल्यास सोलण्याचीही गरज नाही. उभे दोन भाग करून पालथे भाजावेत आणि गर चमच्याने काढून घ्यावा.

काबोचाचे, म्हणजे गोल, हिरव्या सालीच्या जपानी भोपळ्याचे, गणित उलट आहे. त्याचा गर पिठूळ आणि कोरडा असल्याने भाजण्यापेक्षा तो वाफवणे किंवा थोड्या रश्श्यात, साल खाली ठेवून, झाकणाखाली शिजवणे अधिक चांगले. साधारण पंधरा मिनिटांत सुरी सहज आरपार जाते. त्याची हिरवी साल शिजल्यावर मऊ होते आणि खाता येते. तोडल्यानंतर काही आठवडे ठेवलेला काबोचा अधिक गोड लागतो, कारण त्या काळात स्टार्चची साखर होत असते. हबर्डही याच कुळातला, पण अवाढव्य आणि कठीण सालीचा. त्यावर सुरीने जोर लावू नये. सालीला काही ठिकाणी टोचून तो ओव्हनमध्ये थोडा वेळ गरम करावा आणि मग कापावा.

डेलिकाटाची (लांबट, पट्टेदार भोपळ्याची) साल इतकी पातळ असते की बिया काढून सेंटिमीटरभर जाडीची कडी सालीसकट भाजता येतात. 220 अंशांवर 20 ते 25 मिनिटे, मध्ये एकदा उलटून. एकॉर्नचा गर तुलनेने सौम्य असल्याने त्याचे अर्धे भाग आधी पालथे भाजून, मग सरळ करून पोकळीत लोणी आणि थोडी साखर घालणे इष्ट.

स्पॅगेटी भोपळ्याचा गर शिजल्यावर शेवयांसारखा सुटतो; त्याचे तंतू आत वर्तुळाकार असतात, म्हणून लांब तंतू हवे असतील तर तो उभा न चिरता आडवा कापावा. 200 अंशांवर 35 ते 45 मिनिटे पालथा भाजून काट्याने ओढून पाहावे. तंतू सुटे होऊनही किंचित करकरीत लागले की लगेच बाहेर काढावा. हा सर्वांत पाणीदार भोपळा आहे. त्यामुळे तंतू चाळणीत मीठ लावून दहा मिनिटे निथळू द्यावेत, हलके पिळावेत आणि सॉस घालण्यापूर्वी गरम तव्यावर कोरडे परतून घ्यावेत.