प्रश्न विचारल्यावर थांबायचं कसं: ट्यूटोरियल घेणाऱ्यांसाठी

"समजलं का?" असं वर्गात विचारूच नका. माना डोलतात, हाती काही लागत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा: "दुसऱ्या ओळीत ऋण चिन्ह कुठून आलं?"

विचारलं की थांबा. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना 1970च्या दशकात आढळलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम 1 सेकंद थांबतात; ही वेळ 3 सेकंदांच्या वर गेली की उत्तरं सविस्तर येतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात. सिद्धता किंवा आकडेमोड असेल तर 10 सेकंद द्या, चक्क मनात मोजा. त्या शांततेत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा मोह होतो. घोटाळा तिथेच होतो, कारण मुलं चालू विचार सोडून नवा प्रश्न समजून घेत बसतात.

तरीही कुणी बोललं नाही, तर 1 मिनिट वहीत लिहू द्या, 2 मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग एखाद्या जोडीला विचारा.

उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. "इथवर कसे पोचलात?" एवढंच विचारा, चूक बहुधा एखाद्याच पायरीत असते, आणि ती बाकीच्यांचीही झालेली असते.