पायवाटेसाठी अनुदान मागायच्या आधी

इंग्लंड-वेल्समध्ये गावाबाहेरची एखादी सार्वजनिक पायवाट मोडकळीला येते, चार-सहा उत्साही माणसं ती नीट करायचं मनावर घेतात आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी छोट्या अनुदानाचा फॉर्म उघडतं. तो फॉर्म आठवडाभर बाजूला ठेवा. आधी बूट चढवा आणि ती वाट दोन्ही बाजूंनी चालून या. शक्यतो चांगला पाऊस पडून गेल्यावर जा, म्हणजे पाणी नेमकं कुठे साचतं ते दिसेल. मोडकं फाटक, कुजलेली फळी, काटेरी झुडपांनी गिळलेलं वळण, जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि नकाशावरची जागा लिहून ठेवा.

मग कौन्सिलकडचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडचा, ‘डेफिनिटिव्ह मॅप’ पाहा. १९४९च्या कायद्यातून आलेली ही सार्वजनिक वाटांची अधिकृत नोंद. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर वाटांच्या हिरव्या तुटक रेघा असतात, पण वाद झालाच तर कौन्सिलची नोंद ग्राह्य धरली जाते. पायाखाली मळलेली वाट आणि नोंदीतली वाट यांत वीस पावलांचा फरक निघाला, तर फाटक भलत्याच जागी बसेल. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी २००३चा जमीन सुधारणा कायदा पाहावा.)

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे काम मुळात कोणाचं? १९८०च्या हायवेज अ‍ॅक्टनुसार वाटेवरची फाटकं आणि कुंपण ओलांडायच्या पायऱ्या सांभाळणं जमीनमालकाचं काम आहे, आणि त्याच्या वाजवी खर्चाचा किमान चौथा हिस्सा तो कौन्सिलकडून मागू शकतो. शेतातून जाणारी पायवाट नांगरली, तर पेरणीसाठीच्या पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती निदान एक मीटर रुंद मोकळी करून द्यावी लागते. अशा ठिकाणी अनुदान मागू नका, कौन्सिलकडे तक्रार करा. दुसऱ्याची कायदेशीर जबाबदारी उचलायला देणगीदार सहसा पैसे देत नाहीत, आणि देऊही नयेत. त्यापलीकडचं काहीतरी मागा. उदाहरणार्थ, चढून जायच्या पायऱ्या काढून तिथे सहज उघडणारं फाटक. वाटेवरच्या फाटकांसाठीच्या बीएस ५७०९ या ब्रिटिश मानकातला क्रम इथे उपयोगी पडतो: शक्य असेल तर नुसती मोकळी फट, ती जमत नसेल तर साधं फाटक, तेही चालत नसेल तर किसिंग गेट (माणूस जाईल पण गुरं जाणार नाहीत असं, छोट्या आडोशात झुलणारं फाटक). व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन फिरणाऱ्या कोणाला तरी आराखडा ठरायच्या आधीच त्या जागी घेऊन जा. त्यांनी सुचवलेली दोन वाक्यं अर्जातल्या दोन पानांपेक्षा मोलाची असतात.

परवानग्या लेखी घ्या: जमीनमालकाची, कौन्सिलच्या पायवाट विभागाची, आणि जागा संरक्षित निसर्गक्षेत्रात असेल तर ते क्षेत्र सांभाळणाऱ्या खात्याचीही. वेळापत्रक पक्ष्यांकडे बघून आखा. वापरात असलेलं घरटं मोडणं हा १९८१च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून झुडपं छाटण्यासाठी मार्च ते ऑगस्ट हा काळ टाळतात. अनुदान एप्रिलमध्ये हातात पडणार असेल, तर छाटणी सप्टेंबरनंतर धरा आणि अर्जातही तसंच स्पष्ट लिहा.

मंडळाचे कागद एका संध्याकाळी होतात: छोटी नियमावली, मंडळाच्या नावाचं बँक खातं, एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन सहीदार. सार्वजनिक दायित्व विम्याची (कामामुळे बाहेरच्या कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) चौकशी मात्र लवकर करा. काम कौन्सिलच्या देखरेखीखाली होणार असेल, तर तिथल्या विम्यात स्वयंसेवक धरले जातात का, हे विचारून घ्या.

खर्चाच्या तक्त्यात २० टक्के व्हॅट धरा. व्हॅटसाठी नोंदणी नसलेल्या मंडळाला तो परत मिळत नाही. फाटकाची किंमत सगळे लिहितात; ते चिखलातून शेतापलीकडे नेण्याचा खर्च, खांबांसाठीची खडी आणि हातमोजे लिहायचे राहतात. स्वयंसेवकांचे तास मोजून दाखवा, अनेक ठिकाणी ते मंडळाचा वाटा म्हणून धरतात. मंजुरीचं पत्र येईपर्यंत एक खिळाही विकत घेऊ नका, कारण आधीच झालेला खर्च बहुतेक योजनांत बसत नाही.

चालण्याचे कार्यक्रम घेणार असाल तर यादी छोटी आहे: वाट दाखवणाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराची पेटी, आणि रविवारी तिथवर बस जाते का याची खात्री.

आता फॉर्म उघडा. ‘पुढची देखभाल’ या रकान्यात ‘आमचे सदस्य लक्ष ठेवतील’ असं मोघम लिहू नका. वर्षातून दोनदा कडीला तेल कोण घालणार आणि खुणेचे बाण कोण पुसून स्वच्छ ठेवणार (पायवाटेला पिवळा, घोडेवाटेला निळा), ते आपसात ठरवून लिहा. आणि पहिला फोटो जिथे उभं राहून काढला ती जागा नोंदवून ठेवा. अहवालासाठी दुसरा तिथूनच काढायचा आहे.