नववी-दहावीच्या मुलांसाठी सोसायटीच्या वाचनालयात एक कपाट

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडच्या सोसायटीत वाचनालय चालवत असाल आणि सातवीपर्यंत येणारी मुलं पुढे फिरकेनाशी झाली असतील, तर त्यांच्यासाठी वेगळं कपाट करा. ते बालविभागाला लागून नको आणि ग्रंथपालाच्या टेबलासमोरही नको. कोणी बघत असेल तर या वयाची मुलं पुस्तक उचलत नाहीत.

सुरुवातीला 150 पुस्तकं पुरतात. देणगीत आलेली जुनी गाइडं आणि उपदेशाची पुस्तकं इथे अजिबात ठेवू नका. निम्मेच पैसे आधी खर्च करा. पाच-सहा मुलांना दुकानात घेऊन जा, प्रत्येकाला 500 रुपयांपर्यंत निवडू द्या, आणि त्यांनी उचललेलं परत ठेवायला लावू नका. हव्या त्या पुस्तकांची नावं मुलांनी लिहावीत म्हणून ‘हे हवंय’ वही ठेवा आणि उरलेले पैसे त्या नावांसाठी राखा.

इंग्रजी माध्यमातली मुलं घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांना 100-120 पानांची, मोठ्या टाइपातली रहस्यकथा किंवा चित्रकथा द्या. मराठी-इंग्रजी वेगळं न करता विषयानुसार एकत्र लावा: भयकथा, क्रिकेट, विज्ञानकथा.

मालिकेचा पहिला भाग दोन प्रती घ्या. तिसरा हरवला तर लगेच आणा, नाहीतर चौथ्यापासूनचे सगळे पडून राहतात. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. नेहमीच्या सवयीने मांडली तर मागचं कव्हर समोर येतं, आणि परतीची तारीख टाकायची पट्टी शेवटच्या पानाऐवजी पहिल्याच पानाशी चिकटवली जाते.

खाकी कव्हर घालू नका, मुलं मुखपृष्ठ बघूनच पुस्तक उचलतात. पारदर्शक प्लास्टिक घाला, पण चिकटपट्टी प्लास्टिकला प्लास्टिकवरच लावा. पुठ्ठ्यावर लावली तर पिवळी पडते आणि काढताना चित्र सोलून येतं. तीन फुटांच्या फळीवर पाच पुस्तकं दर्शनी उभी करा, बाकीची कणा दिसेल अशी. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा बुरशी आणते, म्हणून कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा आणि पुस्तकं इतकी सैल ठेवा की मध्ये बोट जाईल.

नवी खरेदी वार्षिक परीक्षा संपल्या की करा. उशीर झाला तर दंड घेऊ नका, दंड साचला की मूल पुस्तकासकट गायब होतं. वर्षभर कोणी न नेलेलं पुस्तक महिनाभर दर्शनी ठेवून बघा, तरीही हललं नाही तर काढून टाका.