जुन्या कार्डांसाठी घरी बॅकप्लेन बनवताय? या चुका टाळा

ओळीने बसवलेले स्लॉट आणि त्यांना जोडणारे समांतर ट्रॅक, एवढाच तर बॅकप्लेन. त्यात काय चुकणार, असं म्हणून आपण ते काम शनिवारी रात्री उशिरा उरकतो. मीही तेच केलं. माझ्या झेड-८० (जुना ८-बिट प्रोसेसर) च्या घरगुती मशीनला १९८१ च्या आयबीएम पीसीसारखी ८-बिट आयसा (ISA, म्हणजे जुन्या पीसीतल्या विस्तार-स्लॉटची बस) कार्डं लावायची होती. बोर्ड बनवून आला, एक सिरियल कार्ड खोचलं, स्विच दाबला. कार्डावरचा ७४एलएस२४५, म्हणजे डेटा लाइन हाताळणारा बफर आयसी, लगेच इतका तापला की त्यावर बोट ठेववेना.

स्लॉटचा फूटप्रिंट, म्हणजे बोर्डवरची त्याच्या पिनांची मांडणी, आरशातल्यासारखा उलटा होता. ८-बिट आयसाच्या ६२ पिना, ए बाजूला ३१ आणि बी बाजूला ३१. ए म्हणजे कार्डाची आयसी बसवलेली बाजू. मी ए आणि बी यांची अदलाबदल करून बसलो होतो. बी-९ वरचे +१२ व्होल्ट थेट ए-९ वर, म्हणजे डेटा लाइन डी० वर गेले आणि बी-७ वरचे −१२ व्होल्ट डी२ वर. बिचारा २४५ काय करणार!

म्हणून ऑर्डर देण्याआधी लेआउटची एकास एक प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि त्यावर खरा स्लॉट ठेवून, कार्ड खोचून बघा. अंतराची चूकही तिथेच पकडली जाते. पिनांमधलं अंतर २.५४ मिमी असतं. कुणी २.५ धरलं, तर ३१ व्या पिनेपर्यंत १.२ मिमीचा फरक पडतो आणि स्लॉट बसत नाही.

८-बिट स्लॉटला खाच नसते, हेही विसरू नका. कॅबिनेटमध्ये मागची पट्टी कार्डाला उलटं बसू देत नाही, पण टेबलावरच्या उघड्या बोर्डवर ते आरामात उलटं बसतं. मग +१२ व्होल्ट ॲड्रेस लाइनवर जातात. मागची बाजू कोणती, ते बोर्डवर ठळक छापा.

आता वीज. ६२ पिनांत ग्राउंड फक्त तीन: बी-१, बी-१० आणि बी-३१. त्यांना बारीक ट्रॅकने जोडलं, तर क्लॉक सिग्नल हाय-लो बदलताना त्यात झणझणाट (रिंगिंग) होतो आणि कार्ड कधी चालतं, कधी नाही. दोन लेयरच्या बोर्डवर सगळे बस-ट्रॅक एका बाजूने नेता येतात. दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण ग्राउंडला द्या आणि प्रत्येक स्लॉटजवळ एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

हल्लीच्या एटीएक्स सप्लायमधून −५ व्होल्ट येत नाहीत. फार थोड्या कार्डांना ते लागतात, नसतील लागत तर बी-५ मोकळी सोडा. लागत असतील तर −१२ वरून ७९०५ या −५ व्होल्टच्या रेग्युलेटरने बनवा, पण ७८०५ ची (त्याच्या +५ व्होल्टच्या भावाची) सवय इथे घात करते. ७९०५ मध्ये पहिली पिन ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. धातूची पाठही इनपुटला जोडलेली असते. ती ७८०५ च्याच हीटसिंकवर कसलीत, तर −१२ व्होल्ट सरळ ग्राउंडला शॉर्ट.

पहिल्यांदा वीज देताना एकही कार्ड लावू नका. मल्टिमीटरने प्रत्येक स्लॉटवर बी-३, बी-५, बी-७ आणि बी-९ मोजा. त्यानंतरही स्वस्तातलं कार्ड बळीचा बकरा म्हणून लावा, दुर्मीळ साउंड कार्ड नव्हे.

व्होल्टेज बरोबर, तरी कार्ड गप्प? आधी बी-२, म्हणजे रिसेटची पिन बघा. आयसाचा रिसेट हाय असताना लागू होतो, झेड-८० चा लो असताना. सरळ जोडलात तर मशीन चालू असेपर्यंत कार्ड रिसेटमध्येच पडून राहतं. मध्ये एक इन्व्हर्टर घाला. मग ए-११ वरचा एईएन, म्हणजे डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट देवाणघेवाण) चालू असल्याचं सांगणारा सिग्नल. डीएमए नसेल तर तो ग्राउंड करा. जुन्या टीटीएल लॉजिक चिपचा मोकळा सोडलेला इनपुट हाय वाचला जातो आणि कार्डाला वाटतं डीएमए चालू आहे, त्यामुळे ते आय/ओकडे ढुंकूनही बघत नाही. ए-१० ला, म्हणजे कार्ड प्रोसेसरला थांबायला सांगतं त्या लाइनला, १ किलोओहमचा पुल-अप (+५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) द्या. जुनी डीरॅमची (सतत ताजी करत राहावी लागणाऱ्या मेमरीची) कार्डं मात्र या खेळात आणू नका, त्यांना बी-१९ वरून रिफ्रेश पुरवत बसावं लागतं.

हे सगळं करूनही माझं दुसरं सिरियल कार्ड अधूनमधूनच उत्तर द्यायचं. त्याचा पत्ता हेक्समध्ये ३एफ८, म्हणजे १० बिटांचा. ‘आउट (एफ८), ए’ ही सूचना दिली की झेड-८० वरच्या आठ ॲड्रेस लाइनवर ए रजिस्टरमधलाच आकडा टाकतो. त्याचे खालचे दोन्ही बिट १ असले तरच पत्ता जुळायचा, म्हणजे चारांत एकदा. बी मध्ये ०३, सी मध्ये एफ८ भरून ‘आउट (सी), ए’ वापरलं आणि टर्मिनलवर अक्षरं धडाधड उमटली. त्याआधीच्या तीन रात्री मी बोर्डवरचे सोल्डर पुन्हा पुन्हा तापवत बसलो होतो.